बिनकानाचा कप

बाईनं माझ्या हातातला रिकामा कप घेतला. पायरीच्या दगडावर आडवा आपटला. एकदाच. कपाचा कान तुटून खाली पडला. बाकी कपाला कुठं चीरसुद्धा गेली नाही, हात सराईत होता. मग तिनं तो कप परत माझ्या हातात दिला, लांबून किटलीतला चहा ओतला आणि म्हणाली, "आता हा तुमच्यातला."

मी नऊ वर्षांची होते.

माझे वडील कल्हई करायचे. आम्ही दौंडचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत अब्बा सायकलला भाता, चिमटे आणि कथलाची पिशवी बांधायचे, मला पुढच्या दांडीवर बसवायचे आणि घोडनदीच्या काठची गावं घ्यायचे. इनामगाव, निमोणे, मधल्या वाड्यावस्त्या. हे ज्या गावात घडलं त्याचं नाव सांगत नाही. सांगितलं तर लोक घर ओळखतील, आणि असा कप काही त्या एकाच घरात नव्हता.

बागायतदाराचं घर. थोरल्या मुलाचं लग्न ठरलेलं, म्हणून पितळेची सगळी भांडी बाहेर काढली होती. अब्बांनी अंगणाच्या कडेला खड्डा करून भट्टी लावली. कल्हईच्या आधी भांडं आतून घासावं लागतं. मोठ्या पातेल्यात वाळू टाकायची, फडकं टाकायचं, आत उभं राहायचं आणि भिंतीला धरून कंबर वळवत पायानं घासायचं. ते काम माझं. सकाळपासून मी त्या घराच्या पातेल्यांत उभी होते. ज्यात लग्नाचा भात शिजणार होता, त्यात माझे पाय होते. ते चाललं.

चहाची वेळ झाली तेव्हा अब्बा गोठ्याच्या भिंतीकडे गेले. तिथल्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप पालथा ठेवलेला असायचा. अब्बांना तो माहीत होता. पण कप एक आणि माणसं दोन. मला वाटलं, आपल्यालाही एक लागेल. पायरीवर धुतलेल्या कपांचं ताट होतं. त्यातला गुलाबाची फुलं असलेला एक मी उचलला आणि पुढं केला. तोंडही लावलं नव्हतं. नुसता हात लागला, तेवढ्यानं त्याचा कान गेला.

बाईनं ओतलेला चहा मी पायरीवर ओतून दिला. कप तिथंच पालथा घातला. म्हणाले, "मला नको."

"कल्हईवाले, पोरगी लई शेफारलीया तुमची!"

अब्बा धावत आले. "लेकरू हाय बाईसाब. चुकलं तिचं." त्यांनी आपल्या फडक्यानं पायरी पुसली. मग तोच कप उचलला, त्यात पुन्हा चहा मागून घेतला आणि माझ्यासमोर प्यायले. कप धुतला. कोनाड्यात पहिल्या कपाशेजारी पालथा ठेवला. दौंड येईपर्यंत सायकलवर ते एक शब्द बोलले नाहीत.

ही गोष्ट मी पुष्कळ ठिकाणी सांगितली आहे. कॉलेजात सांगितली, पुण्यात कामाला लागल्यावर सांगितली. लोक म्हणायचे, एवढीशी पोर आणि काय हिंमत! मला बरं वाटायचं. मी इथपर्यंतच सांगायची. पुढचं, या वर्षीचं, कुणाला सांगितलं नाही. ते सांगायची लाज वाटते. म्हणूनच सांगते.

पुण्यातल्या एका कॉफीच्या दुकानात मी सहा वर्षं होते. आधी टेबलं पुसली, मग मशीनवर उभी राहिले. दूध कधी तापलं, फेस कुठं थांबवायचा, हे मला नुसत्या आवाजावरून कळायला लागलं. माझं नाव असं आहे की ते हिंदू-मुसलमान दोन्हीकडं खपतं. आडनाव सांगितलं नाही की झालं. पुण्यात कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. सुरुवातीला लपवायचं असं काही मनात नव्हतं. पण न सांगण्याची सवय लागते, आणि लागली की ती फार सोयीची असते.

बत्तिसाव्या वर्षी ठरवलं, आपलं दुकान काढायचं. शिरूरला. कुणी का विचारलं तर माझ्याकडे उत्तर तयार होतं. रांजणगावच्या कारखान्यांतली पोरं शिरूरला राहतात, कॉलेज आहे, हायवे आहे, चहाच्या टपऱ्या पावलोपावली पण धड कॉफी कुठं मिळत नाही. हे सगळं खरंच होतं. पण दौंडलाही पोरं आहेत, कॉलेज आहे, वर रेल्वे स्टेशन आहे. दौंड मी घेतलं नाही, कारण तिथं मला सगळे कल्हईवाल्याची पोरगी म्हणून ओळखतात.

तीन महिने गाळे बघत फिरले. तेव्हा आडनाव विचारलं की मी सांगायची. वाईट कुणीच बोललं नाही. "हा का? बरं बरं. घरी विचारून कळवतो." कळवलंही कुणीच नाही. एकानं सांगितलं, "कालच गेला वो गाळा, ताई." आठ दिवसांनी त्याच गाळ्यावर 'भाड्याने देणे आहे'ची पाटी तशीच होती. शेवटी पुण्यातली माझी मैत्रीण वैशाली म्हणाली, "कागद माझ्या नावावर कर. मी तुझी पार्टनर." तिच्या मनात काही वावगं नव्हतं. मी ते उचललं.

मग हा गाळा मिळाला. एसटी स्टँडपासून चालत पाच मिनिटं, पुढं दोन पायऱ्या, बाहेर नळ. मालक पन्नाशीला आलेले, सगळं शिरूर त्यांना दादा म्हणतं. त्यांनी कागदावरचं वैशालीचं नाव वाचलं आणि माझ्याकडं बघितलं.

"आन् तुम्ही, ताई?"

"आम्ही दोघी बरोबरच आहोत."

हे काही उत्तर नव्हतं. त्यांनी त्यांच्या सोयीनं ते समजून घेतलं. "म्हंजी आपल्यातल्याच. मग काय हरकत न्हाई." मी हसले. हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही. नरो वा कुंजरो वा.

चहा मागवला त्यांनी. बोलता बोलता गाव सांगितलं, घरची बागायत सांगितली, आपण थोरले हेही सांगितलं. गाव तेच. घर तेच. ज्या लग्नाच्या भांड्यांत मी उभी राहिले होते ते लग्न या दादांचं. मी तेव्हाच उठायला हवं होतं. उठले नाही. उलट मनाशी म्हटलं, अगदी बरोबर. ज्यांनी आम्हाला बिनकानाच्या कपात चहा पाजला त्यांच्याच गाळ्यात बसून त्यांना कॉफी पाजायची. याला म्हणतात जिरवणं. कुणाची जिरली ते पुढं कळलं.

मशीन आलं. दादा चव बघायला आले, एक घोट घेतला आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. "ताई, ह्यो तर काढा हाय!" मग मी दूध वाढवलं, साखर वाढवली. पाटीवर काय लिहायचं तेही त्यांनीच सुचवलं. 'आपली कॉफी.' मी तेही चालवून घेतलं. एका बाबतीत मात्र मी कुणाचं ऐकलं नाही. कागदी कप ठेवायचा नाही. सगळ्यांना चिनी मातीचा कप, सगळे एका आकाराचे, निळ्या काठाचे. त्यामागचं कारण मी कुणाला सांगितलं नाही, पण तुम्हाला ते कळलं असेल. चोवीस मागवले. खोकं उघडलं तर त्यात एकाचा कान तुटलेला निघाला. मी तो टाकला नाही. साखर ढवळायच्या लाकडी काड्या ठेवायला घेतला. हसलेसुद्धा, आला बघ शोधत शोधत.

अब्बांना फोन केला. अम्मी गेल्यापासून ते दौंडला एकटेच असतात. कल्हई आता कोण करून घेतं? गॅसच्या शेगड्या दुरुस्त करतात. मी म्हटलं, "अब्बा, उद्घाटन गुरुवारी आहे. पण तुम्ही दुपारी या, सकाळी फार गडबड असते."

"बरं."

"आणि टोपी नका घालू. ऊन फार आहे."

ऊन आहे म्हणून टोपी नको! असं या जगात कोण कुणाला सांगतं? अब्बा म्हणाले, "बरं."

गुरुवारी दादांनी फीत कापायला त्यांच्या आईला आणलं. काठी टेकत आली. थकली होती, डोळ्यांना चष्मा लागला होता, पण मी ओळखलं. हातच ओळखला आधी. दादांनी नारळ फोडला, तिनं फीत कापली, तिला मधल्या टेबलावर बसवलं. पहिला कप मी तिला दिला. बशीत ठेवून, दोन्ही हातांनी. तिनं दोन बोटांनी कान धरला आणि प्यायली. "ग्वाड हाय गं बाई," म्हणाली.

आणि दारात अब्बा उभे.

दुपारपर्यंत त्यांना धीर धरवला नव्हता. पहिल्या एसटीनं आले होते. डोकं उघडं. आयुष्यभर टोपी घातलेल्या माणसाच्या केसांवर तिचा गोल वळ असतो, तो दिसत होता. टोपी घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली होती. पांढरं टोक वर आलं होतं. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पितळेचं पातेलं. कितीतरी वर्षांनी भट्टी पेटवून त्यांनी माझ्यासाठी कल्हई केली होती. कागद फाटला होता तिथून आतला भाग लखलखत होता.

बाईनं चष्म्यातून निरखून बघितलं. "आगं बया! कल्हईवाला न्हवं का तू? जिता हाईस अजून?"

"व्हय बाईसाब," अब्बा म्हणाले आणि पायरीवरच थांबले.

"हिकडं कुठं?" दादांनी विचारलं. त्यांना नाही, मला. माझ्याकडं बघून. दुकानात वीसएक माणसं होती. सगळी बघत होती, असं मला वाटलं. खरं तर बाई आणि दादा सोडले तर कुणीही बघत नव्हतं.

मी म्हटलं, "कल्हईवाले चाचा आहेत. भांडं घेऊन आलेत."

अब्बांनी माझ्याकडं पाहिलं. एकदाच. मग दादांकडं वळून म्हणाले, "व्हय. भांडं द्याचं हुतं म्याडमचं."

बाई म्हणाली, "त्यालाबी दे गं घोटभर. लांबनं आलाय."

आता पुढचं नीट सांगते, कारण इथंच मी स्वतःला सवलत देऊ बघते. गडबडीत झालं म्हणते. हात आपोआप गेला म्हणते. तसं नाही. समोर फळीवर चांगले कप होते. बाई बघत होती, दादा बघत होते. मी काड्यांचा कप ओढला. त्यातल्या काड्या बाहेर काढल्या. त्या इकडंतिकडं पसरू नयेत म्हणून नीट गोळा करून बशीत ठेवल्या. कप विसळला. त्यात कॉफी ओतली. एवढं सगळं करायला वेळ लागतो. त्या वेळात कितीदातरी थांबता आलं असतं. मी थांबले नाही. बिनकानाचा कप माझ्या बापाच्या हातात मी दिला. मी.

त्यांनी तो दोन्ही तळव्यांत धरला. चटका बसला नाही त्यांना, सवय होती. पायरीवर उभं राहून कॉफी संपवली. बाहेरच्या नळावर कप धुतला आणि पायरीच्या कडेला पालथा ठेवला. पातेलं आत सरकवलं.

"कॉफी ब्येस झाली, म्याडम," म्हणाले आणि गेले.

दिवसभर मी कॉफी करत राहिले. लोक म्हणाले, छान झालं उद्घाटन.  दादा म्हणाले, "आईला लई आवडलं बरं का, ताई. म्हनली, पोरगी वळणाची हाय." वळणाची! बाईनं तेवीस वर्षांपूर्वी मला शेफारलेली म्हटलं होतं. तेव्हाचं ते शेफारलेली किती चांगलं होतं हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही. सकाळी दौंडला गेले. अब्बा दारात बसून शेगडी खोलत होते. मी समोर बसले. माफीचा शब्द तोंडातून निघेना. निघाला तो भलताच.

"अब्बा, मी सगळ्या कपांचे कान तोडून टाकते. कुणालाच कानाचा कप नको. दादांना नको, बाईला नको. सगळे सारखे."

अब्बांनी हातातला पाना खाली ठेवला. "कान तोडायला काय अक्कल लागती का? ते त्या बाईलाबी जमलं."



"मला कानाचा कप पायजे हुता," ते म्हणाले. "बावीस हुते फळीवर. मी मोजले."

मी रडायला लागले. त्यांनी मला थोपटलं नाही. मीही त्याची वाट बघत होते असं म्हणवत नाही.

"तू नऊ वर्सांची हुतीस," ते म्हणाले, "तवा त्या बाईसमोर तू च्या वतलास. माझी तर गाळणच उडाली. आता भट्टीवर पाणी वतून हाकलत्यात म्हनलं. पण परत येताना तू म्होरं दांडीवर बसली हुतीस, आन् मी मागं हसत हुतो. दौंडपत्तुर. बोललो न्हाई, कारन बोललो असतो तर तुला कळलं असतं, आन् तू सगळीकडंच वतत सुटली असतीस."

इतकी वर्षं मला वाटायचं ते माझ्यावर चिडून गप्प होते.

"ती पोरगी कुठं गेली?" त्यांनी विचारलं. रागानं नाही. हरवलेल्या वस्तूबद्दल विचारावं तसं. मग त्यांनी पाना उचलला आणि शेगडीकडं वळले. मी उठले तेव्हा त्यांनी थांब म्हटलं नाही.

एसटीत बसून मी आठवत होते. बाईनं कप तोडला तेव्हा ती तिच्या वळणाला धरून वागली. तिला तसंच शिकवलेलं. मला तर कुणी तसं शिकवलं नव्हतं. माझ्या बापानं कितीतरी वर्षं तो कप मुकाट तोंडाला लावला, तो अशासाठी की मला लावायला लागू नये. आणि मी तो त्यांनाच परत दिला. बाईचं काम मी फुकटात केलं. तिला कपसुद्धा आपटावा लागला नाही.

शनिवारी सकाळी दादा नेहमीप्रमाणे आले. मी कॉफी दिली, कानाच्या कपात. म्हटलं, "दादा, परवा ते कल्हईवाले आले होते ना, ते माझे वडील."

दादा हसले. मग माझं तोंड बघून त्यांचं हसू थांबलं. मी माझं पूर्ण नाव सांगितलं. वडिलांचं नाव. आडनाव. सावकाश, शाळेत हजेरीला सांगावं तसं.

"आन् हे आत्ता सांगताय व्हय?" दादा म्हणाले. "मी तवाच इचारलं हुतं की न्हाई? फसवलंत तुम्ही, ताई."

"हो. लपवलं मी. ते माझं चुकलं."

"मी आपल्यातल्या समजून गाळा दिला."

"तेच तुमचं चुकलं."

त्यांना राग आला. पण दादा ओरडणारे नाहीत. असल्या माणसांना ओरडावं लागत नाही. कप अर्धा ठेवून उठले. "म्हैनाअखेर मोकळा करा गाळा. आईला हे कळलं तर ती खायाची न्हाई दोन दिस."

"त्यांना सांगा," मी म्हटलं. "लग्नाच्या भांड्यांत मी पाय घालून उभी होते तेही सांगा. आणि कागद अकरा महिन्यांचा आहे. त्याच्या आधी मी हलणार नाही."

वैशालीला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "कागदावर मी आहे. बघू कोण काढतंय." त्याच दिवशी पेंटर बोलावला. 'आपली कॉफी' खरवडून काढली. आता पाटीवर लिहिलंय, 'कल्हईवाल्यांची कॉफी', आणि खाली माझं नाव, आडनावासकट, रस्त्याच्या पलीकडून वाचता येईल एवढं. सुरुवातीला गिऱ्हाईक तुटलं. काही जण पाटी वाचून पायरीवरूनच वळतात, मी बघते. कारखान्यातली पोरं येतात. त्यांच्यातला एक परवा म्हणाला, "दीदी, कॉफी अच्छी है, नाम समझ में नहीं आया." मी त्याला पातेलं दाखवलं. दूध मी त्यातच तापवते.

दादांच्या वकिलाचा कागद आला आहे. मीही वकील गाठला आहे. अकरा महिने मी इथंच आहे. त्यानंतर दुसरा गाळा बघीन, आणि तिथं आडनाव आधी सांगीन, भाडं मग विचारीन. मिळाला नाही तर हातगाडी लावीन. पाटी हीच राहील.

अब्बा अजून आलेले नाहीत. फोनवर बोलतात, तब्येत विचारतात, दुकानाचं विचारत नाहीत. मधल्या टेबलावर, जिथं बाई बसली होती तिथं, त्यांच्यासाठी एक कप ठेवला आहे. कानाचा. त्यात दुसऱ्या कुणाला देत नाही. ते येतील की नाही, मला माहीत नाही. न येण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. मी फोनवर माफी मागितली आहे, पण ती मिळावी म्हणून मी हे करत नाही. ती मिळाली तरी त्या दिवशी मी त्या काड्या गोळा करून बशीत ठेवल्या होत्या, ते पुसलं जाणार नाही.

बिनकानाचा कप मी फोडला नाही. तो आता माझा. माझी कॉफी मी त्यातच घेते, गिऱ्हाइकांसमोर, दोन्ही हातांत धरून. माझे हात त्याला सरावलेले नाहीत. रोज चटका बसतो. नवी माणसं विचारतात, एवढे चांगले कप असताना तुम्ही हा का घेता?

मी सांगते, "हा मी माझ्या बापाला दिला होता."

मग ते पुढं काही विचारत नाहीत. विचारलं नाही तरी मी सगळं सांगते. पहिल्या कपापासून.